टाक्यांची मजुरी

एका माणसाला पुरेल अशी गोधडी साधारण चार फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब असते. धावदोऱ्याच्या दोन ओळींत अर्धा इंच अंतर ठेवलं, तर तेवढ्या कापडावर सुमारे १९० मीटर शिवण पडते. इंचाला चार टाके धरले तर टाके होतात तीस हजारांच्या आसपास. हे गणित कुणालाही घरी करता येईल. लांबी-रुंदीचा इंचांत गुणाकार करायचा आणि त्याला ओळींमधल्या अंतराने भागायचं. जो आकडा येईल, तेवढे इंच सुईला चालावं लागतं.

पाच-सहा थरांतून सुई काढताना सरावलेल्या हातालाही मिनिटाला दहा टाक्यांच्या फार पुढे जाता येत नाही. सुई ओवणं, धागा संपला की गाठ मारणं, सरकलेलं कापड सारखं करणं, हे सगळं त्यातच आलं. या वेगाने तीस हजार टाक्यांना पन्नास तास लागतात. म्हणजे आठ तासांचे सहा दिवस आणि वर थोडं. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली. वरचे दोन तास सोडून दिले, तरी या दराने नुसती शिलाई १,८७२ रुपये होते. धागा वेगळा.

हा आकडा सांगितला की समोरून हमखास प्रश्न येतो: "कापड तर आमचंच आहे, तेही जुनं. मग एवढे कसले?"

जुन्या कापडाला बाजारात किंमत नसते, हे खरंच आहे. पण म्हणूनच गोधडीची जवळजवळ सगळी किंमत मेहनतीची असते. गिऱ्हाईक कापडाकडे बघून भाव करतं आणि शिवणारीच्या पदरात दोन-तीन दिवसांची मजुरीसुद्धा धड पडत नाही. ही घासाघीस करणारी माणसं वाईट असतात असं नाही. त्यांतल्या अनेकांच्या घरात आजीने शिवलेली गोधडी अजून जपून ठेवलेली असते. आजीने ती फुकट शिवली होती. त्यामुळे हे काम फुकटातच होतं, अशी सवय सगळ्या घराला लागलेली असते.

मराठी माणसाचं गोधडीवर प्रेम उदंड आहे. लुगड्याचा मऊपणा, उन्हात वाळलेल्या कापडाचा वास, पदराच्या तुकड्यावरून ओळखू येणारी मावशी किंवा आत्या, या आठवणी खऱ्या आहेत आणि मोलाच्या आहेत. पण आठवणींच्या या कौतुकात शिवणाऱ्या बाईचे तास कुणी मोजत नाही. घरकामाचंही तसंच. केंद्राच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीनुसार, घरातलं बिनमोबदल्याचं काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि असं काम करणारे पुरुष ८८. गोधडी शिवायचे तास मिळतात ते हे सगळं उरकल्यावर. दुपारी भांडी झाली की, किंवा चैत्र-वैशाखात शेतातलं काम सैल झालं की.

हे कष्ट समजून घ्यायचा एकच खात्रीचा मार्ग आहे. स्वतः काहीतरी शिवून पाहायचं. थेट गोधडीला हात घालू नये. तीन फूट बाय तीन फुटांचं दुपटं घ्यावं, चार थरांचं, ओळींत एक-एक इंच अंतर ठेवून. शिवण होते जेमतेम ३३ मीटर. नवख्या हाताने रोज तासभर दिला तर अडीच-तीन आठवड्यांत ते पुरं होतं. या तीन आठवड्यांत कापड, सुई आणि आपलं मनगट यांच्याबद्दल जे कळतं, ते नुसतं बघून कळत नाही.

सुरुवात कापडापासून. गोधडीला सुती कापडच हवं. कृत्रिम धाग्याची साडी दिसायला कितीही छान असली तरी तिचे थर एकमेकांवर घसरतात, घाम शोषत नाहीत आणि शिवण सैल पडली की आतून गोळा होतात. सुती कापड मात्र जुनं होतं तसं एकमेकाला धरून बसतं. कापड सुती आहे की नाही याची शंका आली तर कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळावा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही तसाच येतो आणि मागे मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याची टणक गुठळी होते. मिश्र धाग्यात दोन्हीची थोडी-थोडी लक्षणं दिसतात.

मग कापड उजेडासमोर धरावं. जिथून ऊन आरपार चाळणीसारखं दिसतं, तो भाग विरलेला. दोन्ही हातांनी आडवा-उभा ताण देऊन पाहावा. चर्र आवाज आला तर तो तुकडा वरच्या थराला घेऊ नये. आत घालायला हरकत नाही, कारण आतल्या थराला फक्त ऊब द्यायची असते. रोजची ओढाताण वरचा थर सोसतो.

आता घरोघर जुनी सुती लुगडी निघत नाहीत, ही खरी अडचण आहे. त्यावर रडत बसण्यापेक्षा कपाट नीट उपसावं. झिजलेल्या सुती चादरी, पंचे, धोतरं, पायजमे, सुती शर्ट, ओढण्या, हे सगळं आतल्या थरांना चालतं. शर्टाची कॉलर, बटणपट्टी आणि जाड शिवणी आधी कापून टाकाव्यात, नाहीतर तिथे सुई अडते आणि मोडते. वरच्या थरासाठी शिंप्याकडचं कातरण मागून आणता येतं. अस्तर नवं घ्यायचं असेल तर मांजरपाट उत्तम. पण नवं कापड आधी भिजवून, धुऊन, वाळवूनच वापरावं. जुनं कापड आटून झालेलं असतं, नवं अजून आटायचं असतं. दोन्ही तशीच एकत्र शिवली तर पहिल्याच धुण्यात गोधडीला सुरकुत्या पडतात आणि त्या पुन्हा निघत नाहीत. खळ असलेलं कापडही आधी खळ काढूनच घ्यावं.

ज्यांच्या घरी नऊवारी आहे त्यांचं काम सोपं. नऊवारी म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर, सत्तावीस फूट. साडेसहा फुटांवर घड्या घातल्या की एका लुगड्याचे चार थर होतात, आणि पन्हा चार फुटांच्या आसपास असल्यामुळे कुठे जोडही द्यावा लागत नाही. वर आणि खाली एकेक थर आणखी दिला की सहा थरांची गोधडी. हाताने शिवायला याहून जाड घेऊ नये. उन्हाळी पांघरूण हवं असेल तर चार थर पुष्कळ झाले.

थर अंथरताना घाई नडते. फरशी झाडून-पुसून घ्यावी, कोपऱ्यांवर वजनं ठेवावीत आणि प्रत्येक थर मधून कडेकडे तळहाताने सपाट करत न्यावा. त्यानंतर लगेच पक्की शिवण घालायची नाही. आधी मोठ्या टाक्यांचा कच्चा दोरा घालायचा: एक उभा, एक आडवा, दोन तिरके, आणि मग वीतभर अंतराने आणखी काही. हा दोरा भडक रंगाचा घ्यावा, म्हणजे शेवटी उसवताना चटकन दिसतो. नवशिके हीच पायरी गाळतात.

आपल्याकडची गोधडी बहुधा कडेकडून आत शिवत नेतात. चारही काठ दुमडून बंद करायचे, काठाला लागून पहिली ओळ घालायची, मग तिच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी, असं फिरत-फिरत मध्याला पोचायचं. शिवणारी बाई गोधडीवरच बसते. एका पायाच्या अंगठ्याने कापड दाबून धरते, डावा हात खालून थर उचलून देतो आणि उजव्या हातातली सुई एका दमात तीन-चार टाके घेऊनच बाहेर येते. वरच्या हाताइतकंच काम खालच्या हाताचं असतं, कारण सुईचं टोक सगळ्या थरांतून आरपार गेलं की नाही हे त्याच बोटांना कळतं. दिवसाअखेर त्या बोटांवर बारीक टोचे उमटलेले असतात.

या पद्धतीत एक धोका आहे. कडेकडून आत येताना कापडाचा उरलेला सैलपणा मध्यात ढकलला जातो आणि शेवटी तिथे फुगा येतो. कच्चा दोरा नीट घातला असेल तर तो येत नाही. तरी दर चार-पाच फेऱ्यांनंतर गोधडी उलटी करून खालची बाजू बघावी. चुण्या दिसल्या तर तेवढी ओळ उसवून पुन्हा घालावी. पुढे गेल्यावर ती चूक सुधारत नाही.

सुई मध्यम जाडीची आणि जरा लांब असावी. बारीक सुई वाकते, दाभण भोकं पाडतं. धागा सुती घ्यावा, दुहेरी करावा आणि मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घ्यावा, म्हणजे गुंता होत नाही. धाग्याची लांबी दीड हाताहून जास्त नको. पुन्हा-पुन्हा ओवायचा कंटाळा म्हणून लांब धागा घेतला की तो पिळवटतो, अडकतो, आणि वाचवलेल्या वेळाच्या दुप्पट वेळ जातो. गाठ थरांच्या मध्ये लपवावी. मधल्या बोटात अंगुस्तान घालायची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. नंतर लावू म्हटलं की ती लागत नाही. टाके फार बारीक नसले तरी चालतील, पण एकसारखे हवेत. मोठा टाका बाळाच्या बोटात नाही तर पैंजणात अडकतो. दुपट्यावर टिकल्या, मणी, बटणं लावूच नयेत. तान्ह्या बाळाच्या अंगाखाली दुपटं अंथरावं, तोंडावर येईल असं पांघरू नये.

मशीनवर शिवलेली गोधडी कमअस्सल, असं मानणारे बरेच आहेत. त्यात तथ्य नाही. हातशिलाईची गोधडी जास्त मऊ राहते, हे मान्य. पण ज्या बाईचे डोळे आणि मनगटं थकली आहेत, तिला मशीन नको म्हणणं हा अन्याय आहे. महात्मा गांधींचा यंत्रांवरचा आक्षेप सगळ्यांना माहीत असतो. पण १९२४ साली एका विद्यार्थ्याशी झालेल्या संवादात त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता, हे फारसं सांगितलं जात नाही. शिवणाचे कंटाळवाणे कष्ट बायकोच्या वाट्याला येऊ नयेत या मायेपोटी ते यंत्र जन्मलं, असं त्यांचं म्हणणं होतं. कष्ट हलके करणारं यंत्र त्यांना मान्य होतं, माणसाचं काम हिरावणारं नव्हे. गोधडीच्या बाबतीतही कसोटी हीच धरावी.

घरातलं जुनं काळं पायमशीन गोधडीला चांगलं चालतं. ते जड असतं, सरळ टीप घालतं आणि जाड कापडाला दबत नाही. सुई सोळा नंबरची घ्यावी, थर जास्त असतील तर अठराची. चौदा नंबरच्या सुईने चार थरांपुढे जायचं धाडस करू नये. टाका लांब ठेवावा, चार मिलिमीटरच्या आसपास. दाबपट्टीचा दाब थोडा सैल करावा, म्हणजे वरचा थर पुढे ढकलला जाणार नाही. हाताने शिवताना कडेकडून आत येतात. मशीनवर मात्र मधून कडेकडे जावं. खालच्या बाजूला धाग्याचा गुंता झाला की बहुतेक जण बॉबिनला दोष देतात. दोष बहुधा वरचा धागा नीट ओवला नसण्यात किंवा त्याचा ताण सैल पडण्यात असतो. आधी तो काढून पुन्हा ओवावा. सुईचं टोक बोथट झालं तर टाके सुटतात, तेव्हा एका मोठ्या गोधडीनंतर सुई बदललेली बरी.

धुताना गोधडी दोरीवर लोंबकळत ठेवू नये. ओल्या कापडाचं वजन टाक्यांवर येतं आणि धागे तुटतात. गच्चीवर किंवा अंगणात स्वच्छ कापडावर पसरून, उलटसुलट करून कडक उन्हात वाळवावी. आतला थर ओला राहिला तर कुबट वास धरतो. वरचा थर फाटू लागला की त्यावर दुसरं लुगडं घालून पुन्हा धावदोरा द्यायचा, ही खेड्यापाड्यांतली जुनी रीत. काही वाकळांच्या पोटात अशा दोन-दोन जुन्या वाकळा निघतात.

हे सगळं शिकवायचं कुणाला, यावर समाजाने फार संकुचित उत्तर दिलं आहे. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १९०९ साली सेवासदन उभं राहिलं. तिथे बायकांना शिवणकाम शिकवलं गेलं ते स्वतःच्या पायावर उभं राहण्यासाठी. विधवा आणि परित्यक्ता बाईच्या हातात सुई म्हणजे कमाई होती. पुढे शाळांमधून शिवण हा मुलींचा विषय झाला आणि कमाईचा मुद्दा मागे पडला. गंमत अशी की बाजारातलं शिवणकाम मात्र पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांचं होतं. संत नामदेव शिंपी कुळातले. आजही गावच्या पेठेत मशीनवर बसलेला माणूस बहुधा पुरुष असतो, त्याच्या शिलाईचा दर भिंतीवर लावलेला असतो आणि त्याबद्दल सहसा कुणी हुज्जत घालत नाही. सुई तीच, कौशल्य त्याच तोडीचं. दुकानात बसलं की त्याला दर मिळतो आणि ओसरीवर बसलं की तोच हात हौशीचा ठरतो. म्हणून बटण लावणं, शिवण उसवली तर टीप मारणं, ठिगळ देणं आणि एक दुपटं पुरं करणं, एवढं तरी प्रत्येक मुलालाही यायला हवं. ज्याने पाच हजार टाके स्वतः घातले आहेत, तो तीस हजार टाक्यांच्या मजुरीवर घासाघीस करणार नाही.

नुसतं नाव झाल्याने मजुरी मिळत नाही, हेही पाहण्यासारखं आहे. अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. तिथल्या बायकांनी कामाच्या झिजलेल्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ साली मोठ्या संग्रहालयांत प्रदर्शित झाल्या, २००६ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटं निघाली. तरीही २००७ मध्ये तिथल्या काही शिवणाऱ्या बायकांना मोबदल्यासाठी कोर्टात जावं लागलं. २००८ मध्ये त्यात तडजोड झाली.

त्याहून जवळचं उदाहरण उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांचं आहे. आफ्रिकी वंशाचा हा समाज गोव्याच्या दक्षिणेच्या जंगलपट्ट्यात राहतो आणि त्यांच्यातले बरेच जण कोकणी वळणाची बोली बोलतात. त्यांची गोधडी म्हणजे कवंद. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून रंगीत तुकडे लावत-लावत, धावदोरा घालत आत यायचं आणि शेवटी चारही कोपऱ्यांना फुला लावायचा, म्हणजे त्रिकोणी घड्यांचे पदर. फुला नसलेली कवंद त्यांना अपुरी वाटते. तिथे २००४ साली बायकांची गोधडी सहकारी संस्था उभी राहिली. एकटीदुकटीने दारात भाव करण्यापेक्षा चारजणींनी मिळून दर ठरवणं केव्हाही बळकट.

आपल्याकडेही असं करता येईल. बचत गटांची जाळी गावोगाव आहेतच. केंद्राची विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्या अठरा व्यवसायांत शिंपी आहे, टोपल्या-झाडू विणणारे आहेत, जाळी विणणारे आहेत. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये भत्ता आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. गोधडी शिवणाऱ्या बाईचा मात्र त्या यादीत वेगळा उल्लेख नाही. तो व्हायला हवा, आणि त्यासाठी महाराष्ट्राने आग्रह धरायला हवा. जी कारागिरी कागदावरच नाही, तिच्या दराबद्दल सरकारशी बोलणार कोण?

तोवर घरोघर एवढं तरी करता येईल. येत्या उन्हाळ्यात कुणाकडून गोधडी शिवून घ्यायची असेल, तर कापड देण्याआधी तिची लांबी-रुंदी मोजा आणि ओळींतलं अंतर शिवणारीला विचारून ठरवा. किती दिवस लागतील हे तिच्याच तोंडून ऐका. तुमच्या गावात शेतमजुराला दिवसाचा जो रोज मिळतो, त्याने त्या दिवसांना गुणा आणि निम्मी रक्कम काम सुरू करतानाच तिच्या हातात द्या.